निघायचं कधी, हे कोण ठरवतं?



गेल्या महिन्यात वस्तीतली आपली बैठक भरली ती रेशनकार्डांच्या प्रश्नावर. पण बैठकीला आलेल्या एका सुनेचा आठवा महिना सरत आलेला. तिला भिंतीला टेकून बसायला जागा करून देता देता बोलणं बाळंतपणाकडे वळलं आणि कार्डं राहिली बाजूला. प्रत्येकीकडे सांगायला काहीतरी होतंच. असतंच. मग आमच्यातल्या एकीने सहज विचारलं, "तुझ्या वेळी दवाखान्यात कधी निघायचं, ते कुणी ठरवलं?"

उत्तरं ऐका. "सासूबाईंनी. त्या म्हणाल्या, पहिलटकरणीला दोन दिवस लागतात, आत्तापासून कशाला जायचं." "मालकांनी. त्यांची ड्यूटी सुटल्यावर." "भावाने. रिक्षा मिळाली तेव्हा." "शेजारच्या काकूंनी हात लावून पाहिलं आणि म्हणाल्या, आता न्या." एकजण ऊसतोडीला जाणारी. ती म्हणाली, "मुकादमाने. खाडा पडतो ना." आणि एक शिकलेली, नोकरी करणारी मैत्रीण म्हणाली, "डॉक्टरांनी. तारीख दिली होती, त्या तारखेला बॅग घेऊन गेले. कळा नव्हत्याच, त्या आणवल्या."

"मी ठरवलं" असं म्हणणारी एकही निघाली नाही. ज्या शरीरात कळ उठते, ती सोडून बाकी सगळ्यांचं मत त्यात होतं.

तेव्हापासून हे डोक्यात घोळतंय, म्हणून या अंकाचं संपादकीय याच विषयावर. आमच्या गटात यावरून वादही झाला. कळा किती मिनिटांनी याव्यात, हे स्त्रीमुक्तीच्या मासिकाने सांगायचं का? ते नर्सबाईंचं, आशाताईंचं काम, असं काहींचं म्हणणं. पण ज्यांनी पूर्वी आरोग्य शिबिरं घेतली, बायकांना आरशात स्वतःच्या शरीराची ओळख करून दिली, त्या म्हणाल्या, ठरवण्याचा हक्क मागायचा आणि ठरवायला लागणारी माहिती मात्र दुसऱ्याकडे ठेवायची, हे कसं जमणार? त्यांचं आम्हाला पटलं.

मागे वळून पाहिलं तर एक मोठा बदल झालेला आहे, आणि तो चांगला आहे. १९९२-९३ साली पहिली राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली, तेव्हा देशात चारांतलं जेमतेम एक बाळंतपण दवाखान्यात होत होतं. २०१९-२१ च्या पाचव्या पाहणीत हे प्रमाण शंभरात ८८ च्या वर गेलं आणि महाराष्ट्रात ९५ च्या जवळ पोचलं. नमुना नोंदणी पाहणीनुसार २०१८-२० या काळात महाराष्ट्रात दर लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातांचा मृत्यू झाला. देशाचा आकडा ९७ होता. आपल्या आज्या-पणज्यांच्या पिढीत प्रत्येक घरात एखादी तरी 'बाळंतपणात गेलेली' असायची, हे आठवलं की या आकड्यांची किंमत कळते. तेव्हा 'जुनं ते सोनं' असं आम्ही म्हणत नाही. सुईणींनी पुष्कळ बाया सोडवल्या, आणि अडलेल्या पुष्कळ बाया त्यांच्या हातात गेल्याही.

म्हणजे 'दवाखान्यात जायचं की नाही' हा प्रश्न बराचसा सुटला. 'कधी जायचं' हा राहिला, आणि त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही.

आधी शरीरात काय होतं ते पाहू. दिवस भरत आले की गर्भाशयाचं तोंड, ज्याला आपण पिशवीचं तोंड म्हणतो, ते मऊ पडू लागतं, आखूड होतं, पातळ होतं, आणि मग उघडू लागतं. पूर्ण उघडलं म्हणजे दहा सेंटिमीटर. हे उघडणं सारख्या वेगाने होत नाही. सुरुवातीचा टप्पा फार संथ असतो. पोट घट्ट होतं, कंबरेतून दुखत पुढे येतं, सैल पडतं. मग पंधरा-वीस मिनिटं काही नाही, मग पुन्हा. चिकट, शेंबडासारखा, गुलाबीसर धागे असलेला स्राव जातो. कधी सगळं थांबतं आणि बाई झोपीही जाते. हा टप्पा काही तासांचा असेल, पहिलटकरणीला एखाद्या दिवसाहून जास्तही असेल. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली प्रसूतीच्या काळजीबद्दल ज्या शिफारशी केल्या, त्यांत स्पष्ट म्हटलं आहे की या पहिल्या टप्प्याला ठरावीक कालमर्यादा नाही. तो बाईगणिक वेगळा असतो. तोंड पाच सेंटिमीटर उघडलं की पुढचा, जोराचा टप्पा सुरू होतो. तो पहिल्या खेपेला साधारण बारा तासांच्या आत आणि पुढच्या खेपांना दहा तासांच्या आत संपतो.

खऱ्या आणि खोट्या कळा कशा ओळखायच्या, हे प्रत्येकीला विचारायचं असतं आणि विचारायची लाज वाटते. खोट्या कळांना ताल नसतो. त्या आल्या तर आल्या, कूस बदलली, चाललं, पाणी प्यायलं की कमी होतात. खऱ्या कळा कशानेही थांबत नाहीत. त्यांच्यातलं अंतर कमी होत जातं, प्रत्येक कळ लांबत जाते, जोर वाढत जातो. घड्याळ लावा. एक कळ सुरू झाली तिथपासून दुसरी सुरू होईपर्यंतचा वेळ म्हणजे अंतर. कागदावर लिहून ठेवा, किंवा जी जवळ बसली आहे तिला लिहायला सांगा. तासाभराची अशी यादी हातात असली की "फार दुखतंय हो" यापेक्षा वेगळी भाषा आपल्या तोंडी येते, आणि समोरच्यालाही ती ऐकावी लागते. आणखी एक साधी खूण: कळ आलेली असताना बोलता येतं का? येत असेल तर बहुधा अजून वेळ आहे. बोलता बोलता वाक्य अर्धवट सुटत असेल, डोळे मिटून घ्यावेसे वाटत असतील, तर टप्पा बदलतो आहे.

पहिली खेप असेल, सगळं सुरळीत असेल आणि दवाखाना अर्ध्या तासावर असेल, तर पाच-पाच मिनिटांनी कळ येते आहे, प्रत्येक कळ मिनिटभर टिकते आहे आणि हे तासभर चाललं आहे, अशा वेळी निघावं, असा ढोबळ नियम आहे. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला इतकं थांबायचं नाही; तेव्हा तोंड भराभर उघडतं. दहा मिनिटांच्या अंतराने नियमित कळा येऊ लागल्या की निघालेलं बरं.

तोवर घरी काय करायचं? खायचं. 'कळा सुरू झाल्या, आता पोटात काही नको' हे आपल्याकडे फार आहे, आणि उपाशी, दमलेली बाई ऐन वेळी जोर लावू शकत नाही, मग "हिला जोरच करता येत नाही" म्हणून तिलाच बोल लावतात. पेज घ्या, लापशी घ्या, वरण-भात, ताक, सरबत, चहा-बिस्किट, जे जाईल ते. घोट घोट पाणी. धोका नसलेल्या बाईला प्रसूतीच्या काळात खाऊपिऊ द्यावं, असंच जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. (सिझेरियनची शक्यता असेल तर डॉक्टर वेगळं सांगतील, ते ऐकावं.) रात्र असेल तर झोपायचा प्रयत्न करा, कुशीवर. दिवस असेल तर घरात फिरा, पण दमेपर्यंत नाही. 'चाल, चाल' म्हणून अंगणात फेऱ्या मारायला लावून बाईला आधीच थकवून टाकतात. कोमट पाण्याने अंघोळ करा. लघवी तुंबवू नका. कंबर कुणीतरी तळव्याने दाबून चोळली तर फार बरं वाटतं, हे आपल्या आयांना कुणी शिकवावं लागलं नाही. पोट मात्र कुणालाही दाबू देऊ नका, घरीही नाही आणि दवाखान्यातही नाही.

एरंडेल पाजू नका. आणि एक गोष्ट हात जोडून: गल्लीतल्या दवाखान्यातून 'कळा वाढवायचं' इंजेक्शन आणून घरी टोचून घेऊ नका. ते ऑक्सिटोसिन. म्हशीने पान्हा सोडावा म्हणून गोठ्यात टोचतात, तेच. मोजून-मापून, सलाईनमधून थेंब थेंब, बाळाचे ठोके ऐकत दिलं तर ते औषध आहे, आणि बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवायला तर ते प्राण वाचवतं. पण बाळ बाहेर येण्याआधी घरच्या घरी दंडात टोचलं तर कळा एकावर एक येतात, बाळाला श्वास पुरत नाही, पिशवी फाटूसुद्धा शकते. मग ती बाई वाटेतच जाते आणि घरचे म्हणतात, दवाखान्यात न्यायला उशीर झाला.

आता काही गोष्टींत थांबायचंच नाही, घड्याळही लावायचं नाही. पाळीसारखं किंवा त्याहून जास्त रक्त जाणं. पाणी जाणं, मग कळा असोत नसोत. किती वाजता गेलं आणि रंग कसा होता ते लक्षात ठेवा, हिरवट किंवा पिवळट असेल तर जास्तच घाई करा. बाळाची हालचाल कमी झाली किंवा थांबली. डोकं फुटेल असं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, वरच्या पोटात दुखणं, चेहऱ्याला सूज, झटका. ताप. सदतीस आठवडे भरायच्या आत सुरू झालेल्या कळा. आधीचं सिझेरियन असेल, जुळं असेल, बाळ आडवं किंवा पायाळू असेल, हिमोग्लोबिन सातच्या खाली असेल, तर पहिल्या कळेलाच निघायचं. आणि नाळ बाहेर दिसली तर बाईला गुडघे आणि छाती टेकवून, कंबर उंच ठेवून तशीच न्यायची. नाळेला हात लावायचा नाही.

इथवर वाचून कुणी म्हणेल, मग एवढा हिशोब कशाला, पहिल्या कळेला सरळ दवाखान्यात जाऊन बसावं. आमच्या गटात एक निवृत्त नर्सबाई आहेत, त्यांचं मत असंच आहे. त्या म्हणतात, "दहा बायका लवकर आल्या तरी चालेल, एक उशिरा यायला नको." त्यांनी जे पाहिलं आहे ते आम्ही पाहिलेलं नाही, त्यामुळे त्यांचं म्हणणं आम्ही डोळ्यांपुढून हलू देत नाही. पण लवकर गेलेल्या त्या दहाजणींचं पुढे काय होतं, तेही पाहायला हवं.

ज्यांच्याकडे पैसे आहेत त्यांना खाजगी दवाखान्यात लगेच दाखल करून घेतात. तोंड दोन सेंटिमीटर उघडलेलं असतं. पलंगावर झोपवतात, हाताला सलाईन. चार तास झाले, सहा झाले, तोंड फारसं उघडत नाही. उघडणारच नसतं, कारण तो संथ टप्पा चालू आहे. पण आता ती 'पेशंट' आहे आणि घड्याळ दवाखान्याचं आहे. मग सलाईनमध्ये औषध, पाणमोट फोडणं, आणखी जोराच्या कळा, बाई गळून गेलेली, घरचे घाबरलेले, आणि संध्याकाळी "प्रोग्रेस नाही, सिझर करावं लागेल." दर तासाला एक सेंटिमीटर हा जो हिशोब वर्षानुवर्षं चालला, त्याचं मूळ १९५५ सालच्या एका अभ्यासात आहे. न्यूयॉर्कच्या एका इस्पितळातल्या पाचशे पहिलटकरणींच्या नोंदींवरून डॉ. इमॅन्युएल फ्रीडमन यांनी तो केला. तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे त्यांतल्या पुष्कळजणींना गुंगीची औषधं दिलेली होती. त्या एका आलेखाने जगभरातल्या बायकांना घाईत ढकललं. २०१८ च्या शिफारशींनी हा हिशोब मोडीत काढला आहे: तासाला एक सेंटिमीटर उघडलं नाही एवढ्याच कारणासाठी कळा वाढवू नयेत, सिझेरियन करू नये, आणि आई-बाळ ठीक असतील तर जोराचा टप्पा सुरू होण्याआधी हस्तक्षेप करू नये. २०१९-२१ च्या पाहणीत देशातल्या खाजगी दवाखान्यांतली शंभरांतली ४७ बाळंतपणं सिझेरियनने झालेली आहेत. सरकारी दवाखान्यांत १४. सगळ्या जास्तीच्या सिझेरियनचं खापर लवकर दाखल होण्यावर फोडता येणार नाही. पैसा आहे, डॉक्टरांची सोय आहे, मुहूर्त पाहणारी घरं आहेत, बाईला स्वतःला वाटणारी कळांची भीती आहे. पण संथ टप्प्यात पलंगावर झोपवलेली बाई या वाटेवर सहज ढकलली जाते, एवढं खरं.

ज्यांच्याकडे पैसे नाहीत त्यांची तऱ्हा वेगळी. सरकारी दवाखान्यात खाटा कमी, सिस्टर दोन आणि बाया वीस. तपासून सांगतात, "अजून वेळ आहे, घरी जा." हा सल्ला वैद्यकीयदृष्ट्या पुष्कळदा बरोबर असतो. तो ज्या तऱ्हेने दिला जातो, तिथे घोटाळा होतो. "काय गं, एवढ्यात आलीस?" "पहिलीच बाळंतीण आहेस का जगातली?" आणि ते ठरलेलं वाक्य, "तेव्हा नाही लाज वाटली?" आपल्या वस्तीतल्या एकीला असं दोनदा परत पाठवलं. तिसऱ्यांदा कळा वाढल्या तेव्हा ती दातओठ खाऊन घरीच बसून राहिली, पुन्हा बोलणी नकोत म्हणून. बाळ रिक्षातच झालं. दोघं वाचली, पण जानेवारीतल्या पहाटे ओल्या पोराला कशात गुंडाळायचं हे त्या रिक्षात कुणालाच सुचेना. शेवटी रिक्षावाल्याने अंगातला स्वेटर काढून दिला.

आता सांगा, उशीर कुणी केला? कागदोपत्री तिनेच. 'पेशंट उशिरा आली' असं केसपेपरवर लिहिलं जातं.

मातामृत्यूंचा अभ्यास करणाऱ्या थॅडियस आणि मेन या दोघींनी १९९४ साली तीन उशिरांची मांडणी केली: घरून निघायचं ठरवायला उशीर, पोचायला उशीर, पोचल्यावर उपचार मिळायला उशीर. त्यांनी हेही दाखवलं की हे तीन एकमेकांत अडकलेले असतात. रस्ता नाही, दवाखान्यात कुणी विचारत नाही, हे ठाऊक असलं की घरचा निर्णयही लांबतो. आपल्या सभांमध्ये आपण 'सासरचे नेत नाहीत' एवढ्यावर थांबतो. पण सासूबाई "थांब गं जरा" म्हणतात, तेव्हा त्यांच्याही मनात वीस वर्षांपूर्वी लेबर रूममध्ये खाल्लेली थप्पड असते.

हे झालं शहराचं. मेळघाटात, गडचिरोलीत, नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर पाच मिनिटांच्या कळांचा नियम सांगणं म्हणजे थट्टा. पावसाळ्यात नदी भरली की गाव तुटतं. बांबूला झोळी बांधून बाईला डोंगर उतरवून आणतात, तेव्हा कुठे रस्ता लागतो. तिथे निघण्याची वेळ कळा सुरू होण्याच्या आधीची. त्यासाठी महाराष्ट्रात आदिवासी भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांजवळ 'माहेरघर' योजना आहे: तारखेच्या काही दिवस आधी येऊन राहायचं. कल्पना चांगली, नावही गोड. पण घरी दोन पोरं, शेरडं, लावणीचे दिवस, जाईल कोण? सोबत राहणाऱ्याची मजुरी बुडते ती कोण भरणार? माहेर म्हणायचं तर तिथे सांभाळणारं कुणी हवं. खोल्या बांधून माहेर होत नाही.

ऊसतोडणीच्या फडावर तर तारीखही कुणाला नीट माहीत नसते. दिवाळीच्या सुमारास गाव सोडायचं, उन्हाळा लागता लागता परत. तपासण्यांचं कार्ड गावाकडे, गावची आशाताईही गावाकडे. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल दोघांच्या नावावर. ती बसली की अर्धा कोयता बसतो. ज्या बाईचं दुखणंच खाड्यात मोजलं जातं, तिला आम्ही "कळांचं अंतर लिहून ठेव" कसं म्हणावं? पण म्हणतोच. कारण मुकादमाच्या अंदाजापेक्षा तिचा अंदाज खरा असतो. आणि त्यासोबत मागणीही करतो: ज्या कारखान्याचा ऊस, त्या कारखान्याने हंगामात फडावर गाडी आणि नर्सबाई दिली पाहिजे.

आपल्या हातात काय आहे, तेही माहीत असू द्या. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण, घरून आणणं आणि परत सोडणं, हे सगळं मोफत मिळण्याचा हक्क २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने दिला आहे. गाडीसाठी १०२ आणि तातडीच्या वेळी १०८. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली पश्चिम बंगालमधल्या एका शेतमजुराच्या खटल्यात सांगितलं की सरकारी रुग्णालयाने वेळेवर तातडीचे उपचार न देणं म्हणजे जगण्याच्या हक्काचा भंग आहे. दिल्लीत एका बेघर बाईला प्रसूतिगृहाने वाऱ्यावर सोडलं आणि तिचं बाळ झाडाखाली जन्मलं. तिच्या आईने दाद मागितली, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० साली भरपाई द्यायला लावली आणि सुरक्षित बाळंतपण हा हक्क आहे, असं म्हटलं. लेबर रूममध्ये आपली एक बाई सोबत राहू शकते, अशी परवानगी केंद्र सरकारने २०१६ साली सरकारी दवाखान्यांसाठी दिली. २०१७ च्या 'लक्ष्य' कार्यक्रमातही ती आहे. दारावर "बाहेर थांबा" म्हणतील. तेव्हा हे साल सांगा.

सोबतीचा मुद्दा आम्हाला सगळ्यांत मोलाचा वाटतो. सुईण जाताना एक गोष्ट तिच्याबरोबर गेली: ती बसून राहायची. तिला दुसरी वीस कामं नव्हती. त्या संथ टप्प्यात बाईला औषध फारसं लागत नाही, कुणीतरी जवळ बसलेलं लागतं. सरकारी दवाखान्याच्या आवारात एक स्वच्छ खोली, संडास, पाणी, गरम चहा आणि दर थोड्या वेळाने येऊन ठोके ऐकणारी सिस्टर, एवढं असलं तर बाईला ना पलंगाला बांधावं लागेल, ना घरी हाकलावं लागेल. तपासून "ताई, अजून वेळ आहे, घर जवळ असेल तर जाऊन या, नाहीतर इथे बसा, अमुक झालं तर लगेच या, रात्र असली तरी या" एवढं नीट बोलायला किती वेळ लागतो? परत आलेल्या बाईला कुणी हसणार नाही, असा भरवसा असला तर ती दहादा येईल आणि नर्सबाईंची ती एक उशिरा येणारी बाई कमी होईल. सिस्टरांवर राग काढून उपयोग नाही, हेही लिहितो. एका पाळीत वीसजणींची बाळंतपणं करणाऱ्या बाईकडून गोड बोलण्याची अपेक्षा करायची, तर आधी तिच्या जोडीला माणसं द्यावी लागतील. रिकाम्या जागा भरण्याची मागणी आपली आणि त्यांची एकच आहे.

बैठकीच्या शेवटी आम्ही त्या आठव्या महिन्यातल्या मुलीला विचारलं, तुझं काय ठरलंय? तिने सासूकडे पाहिलं. सासू म्हणाली, "ठरवायचं काय त्यात? दुखायला लागलं की नेऊ." मग बसून सगळ्यांनी मिळूनच ठरवलं. दवाखाना कुठला, आणि तिथे रात्री डॉक्टर असतात का. रात्री रिक्षा कोण आणेल. कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्याचा नंबर. माता-बाल कार्ड, सोनोग्राफीचे कागद, रक्तगट, हे सगळं एका पिशवीत. जुनी, स्वच्छ धुतलेली लुगडी, बाळासाठी टोपडं. रक्त लागलं तर कोण देईल. मोठ्या पोराला कोण सांभाळेल. सोबत आत कोण जाईल. इथे सासू म्हणाली, मी; मुलगी काही बोलली नाही, आणि मग हळूच म्हणाली, "आईला बोलावू का?" थोडा वेळ शांतता. सासूबाईंनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "बोलाव की. मी काय नको म्हणते? आईला आत जाऊ दे, मी बाहेर बसते."

आणि निघायचं कधी? ते तिने सांगायचं, असं ठरलं. ती म्हणाली "निघू या" की निघायचं. खोट्या कळा निघाल्या तर रिक्षाचं भाडं गटाच्या पेटीतून.

मधल्या पानावर कळा लिहून ठेवायचा तक्ता आणि ताबडतोब निघण्याच्या खुणांची यादी दिली आहे. पान काढून दाराच्या मागे लावा. वाचता न येणाऱ्या मैत्रिणींसाठी पुढच्या अंकात चित्रं देणार आहोत. काढून देणारी कुणी असेल तर कळवा. आणि दवाखान्यातून परत पाठवलं गेल्याचे तुमचे अनुभव लिहून पाठवा, नाव घातलं नाही तरी चालेल. ते एकत्र करून आरोग्य अधिकाऱ्यांना भेटायचं आहे. रेशनकार्डांची बैठक पुढच्या शनिवारी, त्याच जागी.